पॅकेज ४० हजारांचं, मग खात्यात ३१,७३८ का आले?

"दादा हे बघ ना, यांनी माझे आठ हजार कुठं घातले?"

एवढाच मेसेज, आणि खाली सॅलरी स्लिपचा फोटो, तोही तिरका. पाठवणारा माझा मावसभाऊ, वय २३, लातूरहून शिकून हिंजवडीत पहिल्या नोकरीला लागलेला. पॅकेज ४ लाख ८० हजार. मावशीने त्याला बाराने भागून महिना ४० हजार हा आकडा पेढ्यांसोबत अख्ख्या गल्लीत वाटला होता आणि महिनाअखेरीस खात्यात आले ३१,७३८. पोराला वाटलं एचआरने घोळ घातला, मावशीला वाटलं पोरगा काहीतरी लपवतोय.

रविवारी त्याला वाकडला चहाला बोलावलं आणि दोघांनी मिळून ती स्लिप ओळ न् ओळ वाचली. तेव्हा जे बोलणं झालं तेच जरा नीट करून इथं लिहितोय, कारण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये ओळखीतलं कोणी ना कोणी हेच विचारतं. मी काही सीए वगैरे नाही. माझी पात्रता एवढीच की यातल्या बऱ्याच चुका मी स्वतःच्या खिशातून फी भरून शिकलोय.

तर पहिली गोष्ट सीटीसी. सीटीसी म्हणजे तू कंपनीला वर्षाला कितीला पडतोस तो आकडा, तुझ्या हातात काय येतं त्याचा त्यात पत्ता नाही. त्याला म्हटलं, आपल्या आबांनी म्हैस घेतली तेव्हा पेंड, गोठा, डॉक्टर सगळं धरून म्हैस वर्षाला कितीला पडते ते वहीत लिहायचे ना, तो काय म्हशीचा पगार होता का? पोरगं हसलं, पण मुद्दा डोक्यात गेला.

आता त्याची स्लिप आणि ऑफर लेटर शेजारी ठेवून बघितलं. महिन्याला ४० हजारांतून ३,००० तर व्हेरिएबल निघाले, म्हणजे वर्षाचे ३६ हजार, जे कंपनीला वाटलं आणि तुझं रेटिंग बरं आलं तर वर्षाच्या शेवटी मिळणार, तेही पूर्ण मिळतील असं नाही. मग कंपनीचा पीएफचा वाटा १,८००. मग ग्रॅच्युइटी ९६२, म्हणजे बेसिकच्या (मूळ पगाराच्या, त्याचा २० हजार) ४.८१ टक्के, आणि याचा पारंपरिक नियम असा की एकाच ठिकाणी पाच वर्षं काढली तर हातात पडणार, तरी सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजतात. मग ग्रुप मेडिक्लेमचे ५००. हे सगळं वजा जाता ग्रॉस राहिला ३३,७३८, आणि त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स (पीटी) २०० गेला. राहिले ३१,७३८. एक रुपया कुठं चोरीला गेलेला नाही.

म्हणून ऑफर लेटर हातात आलं की एचआरला सरळ विचारायचं, व्हेरिएबल सोडून महिन्याला इनहँड किती? हे विचारायला लाज वाटते हे मला माहितीये, मलाही वाटायची, पण त्यांना हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. आणि हल्ली अजून एक भानगड आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात बेसिक वगैरे धरून जे 'वेतन' मोजतात ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याखाली ठेवता येत नाही, त्यामुळे ज्या कंपन्या बेसिक मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं अलाउन्समध्ये टाकायच्या त्यांच्याकडे ग्रॅच्युइटीचा आणि काही ठिकाणी पीएफचा आकडा फुगेल आणि इनहँड थोडा खाली येऊ शकेल. तसं झालं तर घाबरून जाऊ नका, पैसे खिसा बदलतात इतकंच.

त्या २०० रुपयांच्या प्रोफेशनल टॅक्सवर मात्र पोरगं जाम चिडलं होतं. इन्कम टॅक्स शून्य, मग हा कसला टॅक्स? तेव्हा त्याला सांगितलं की हा टॅक्स महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात आपले आबा खडी फोडायला जायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढायचे ते त्याने घरात शंभरदा ऐकलेलं, त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून थोडं थोडं कापायचं ठरलं. ऐकून जरा गप्प बसला. (बायकांना २०२३ च्या एप्रिलपासून महिना २५ हजार पगारापर्यंत हा टॅक्स नाही, त्यामुळे एखाद्या मैत्रिणीच्या स्लिपवर २४ हजारांत तो कापलेला दिसला तर तिला सांगा, विचार म्हणून.)

आता पीएफ. इथं मी जरा वेळ घेणार आहे कारण पहिल्या नोकरीतलं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं, आणि नुकसान झालंय हे कळतसुद्धा नाही.

तुझे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे महिन्याला ३,६०० तुझ्या नावावर जमा होतात, आणि २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालंय. एवढं व्याज साध्या बँकेच्या एफडीत मिळणं अवघड, शिवाय एफडीचं व्याज करपात्र. पासबुक उघडलं की काही जणांना कंपनीचा वाटा फारच कमी दिसतो आणि ते लगेच बोंब मारतात. तिथं गोष्ट अशी आहे की कंपनीच्या १२ टक्क्यांतले (१,८०० म्हणजे १५ हजारांचे १२ टक्के) ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले ३.६७ तुमच्या पीएफमध्ये. ज्यांची पहिलीच नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतरची आहे आणि बेसिक सुरुवातीपासून १५ हजारांच्या वर आहे त्यांना पेन्शनमध्ये घेत नाहीत, त्यांचं सगळंच पीएफमध्ये येतं. आपल्या भावाचा बेसिक २० हजार, म्हणजे तो या दुसऱ्या गटात.

माझी चूक आता सांगतो. २०१७ मध्ये मी पहिली नोकरी सोडली, अडीच वर्षं झाली होती, पीएफमध्ये ६२ हजार होते. दुसऱ्या कंपनीत जॉइन होणार होतो तेव्हा सीनियरने सांगितलं ट्रान्सफर कर, आणि मी काय केलं, ट्रान्सफर न करता मधल्या गॅपमध्ये काढून घेतले, कारण मला बाइक घ्यायची होती. पाच वर्षं व्हायच्या आत काढले म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच कापलेला टॅक्स, गेला, उरलेले डाउन पेमेंटला गेले, आणि बाइक चार वर्षांनी २५ हजाराला विकली. ते पैसे तिथंच राहिले असते तर एव्हाना दुपटीला टेकले असते. आणि खरं नुकसान तर याहून मोठं आहे, ते असं.

७२ ला व्याजदराने भागायचं, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. आपल्याकडचे जुने पोस्टाचे एजंट हे तोंडी करायचे. ८ टक्के धरले तर ९ वर्षं. भावाने तीन वर्षं ही नोकरी केली तर पीएफमध्ये साधारण १ लाख ४५ हजार जमतील. दुसरीकडे जाताना त्याने ते नुसते ट्रान्सफर केले आणि त्यात पुढं एक पैसा नाही टाकला असं धरलं, तरी ८ टक्क्यांनी ३० वर्षांत त्याचे साडेचौदा लाख होतात. दर कमी झाला तर कमी होतील, ते आपल्या हातात नाही. पण २६ व्या वर्षी काढलेला लाखभर रुपया म्हणजे ५६ व्या वर्षीचे दहा लाख काढल्यासारखं आहे, आणि तेव्हा आपण दाढी करताना आरशात बघून स्वतःलाच शिव्या घालणार.

नोकरी बदलताना नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढू द्यायचा नाही, जुनाच बारा आकडी नंबर नव्या एचआरला द्यायचा आणि जुने पैसे ट्रान्सफरला टाकायचे. असं केलं की आधीची वर्षंही त्या पाचात धरली जातात. आणि आत्ताच, आज, पोर्टलवर जाऊन बघायचं की आधार, पॅन आणि पीएफमध्ये नाव एकसारखं आहे का. आपल्याकडे हा ताप फार, कारण आधारवर वडलांचं नाव मध्ये, पॅनवर नाही, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, कुठं 'राव' आहे कुठं 'राव' गळालं. पैशांची गरज पडेल तेव्हा हे निस्तरायला गेलात तर रडाल. नॉमिनीही भरा, कारण पीएफसोबत नोकरीत असताना मृत्यू झाला तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, आणि हे निम्म्या लोकांच्या घरी माहितीच नसतं.

पीएफ झाला, मग तो म्हणाला, दादा मला एसआयपी (दर महिन्याला ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात) चालू करायचीय, रूममेटने ॲप दाखवलं. मी म्हटलं थांब जरा, आधी वही काढ.

पीजी आणि जेवण ११,०००. घरी पाठवतो ६,०००. मोबाइल, पेट्रोल, बस असं मिळून ३,५००. चहा, वीकेंड, कपडे, मित्राचा वाढदिवस यात ४,००० तरी जातात (तो ३,००० म्हणाला, मी ४,००० लिहिले). म्हणजे २४,५०० खर्च, उरतात ७ हजार आणि थोडे. इंटरनेटवर तो ५०-३०-२० चा फॉर्म्युला फिरतो, गरजेला ५०, हौसेला ३०, बचतीला २० टक्के. त्यात घरी पाठवायच्या पैशांचा रकानाच नाही. आपल्याकडे पहिल्या पगारातून बहिणीच्या फीचे, ट्रॅक्टरच्या हप्त्याचे, आजीच्या गोळ्यांचे पैसे जातात, ते गरज की हौस? मी त्याला म्हटलं ते भाड्यासारखं समज, ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, आणि दिवाळीला वेगळं काय द्यायचं ते आधीच बाजूला. ठरलेली रक्कम असली की घरच्यांचंही गणित बसतं आणि दर महिन्याला फोनवर अवघड बोलणं होत नाही.

आता ते सात हजार. माझं मत असं, आणि यावर भांडायला तयार आहे, की पहिल्या वर्षी एसआयपी नाही केली तरी काही बिघडत नाही. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे त्याच्या हिशोबाने ७३,५००, हे आधी वेगळ्या खात्यात जमवायचे. महिना ७ हजारांनी साडेदहा महिने लागतात, म्हणजे वर्ष यातच गेलं. कंटाळवाणं आहे, मान्य, स्क्रीनशॉट टाकण्यासारखं तर अजिबात नाही. पण बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवलं, प्रोजेक्ट गेलं, गाडी ठोकली, वडलांना ॲडमिट केलं, यातलं काहीही एक झालं आणि हे पैसे नसले की माणूस कुठं जातो? क्रेडिट कार्डाकडे, नाहीतर त्या पाच मिनिटांत लोन देणाऱ्या ॲपकडे, नाहीतर पीएफ काढायला. वर सांगितलेली सगळी भोकं इथूनच पडतात. अगदीच हात शिवशिवत असतील तर ५०० ची एसआयपी लाव, शिकायला म्हणून.

हे पैसे कुठं ठेवायचे यावरही बोललं पाहिजे कारण त्याच्या वडलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, सुचवलं गावच्या पतसंस्थेत ठेव, दोन टक्के व्याज जास्त देतात, चेअरमन ओळखीचे आहेत. पतसंस्था आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि महाराष्ट्रात हा फरक न कळल्याने लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकलेत. बँकेतल्या ठेवीवर, मग ती सरकारी असो, खाजगी असो की सहकारी बँक असो, ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज धरून, दर माणशी दर बँकेत. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्याही आहेत, पण अडचणीच्या पैशांसाठी ती जागा नव्हे. आणि विमा असला तरी पैसे लगेच मिळतात असं नसतं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिला आदेश होता सहा महिन्यांत १,००० रुपये काढा, फक्त. तेव्हा विमाही १ लाखाचाच होता, ५ लाख झाला २०२० च्या फेब्रुवारीत, आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे हा नियम २०२१ मध्ये आला. तेव्हा पगाराचं खातं एका बँकेत आणि अडचणीचे पैसे दुसऱ्या बँकेत, साधी एफडी किंवा ऑटो स्वीप (खात्यातले जास्तीचे पैसे आपोआप एफडीत जातात ते), बास. दुसऱ्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही, नाहीतर शनिवारी रात्री तेही संपतं.

आणि आठवड्याला टक्के देतो म्हणणारा कुणी भेटला तर चप्पल घालून निघायचं. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर जी गर्दी रडत उभी होती त्यात भाजीवाले होते तसेच शिकलेले नोकरदारही होते. खड्यांच्या दागिन्यांवर दर आठवड्याला व्याज. सुरुवातीचे काही आठवडे खरंच मिळतं, तीच तर ग्यानबाची मेख.

क्रेडिट कार्ड. ऑफिसच्या खालीच टेबल टाकून बसलेले असतात, लाइफटाइम फ्री. घे, वाईट काही नाही, वेळेवर पूर्ण बिल भरत राहिलं तर सिबिल स्कोअर (उधारी फेडण्यातली आपली पत) तयार होतो आणि पुढं होम लोनला कामी येतो. हा स्कोअर ३०० ते ९०० असतो, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट बघता येतो, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. फक्त बिलावर दोन आकडे असतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू, आणि त्यातला दुसरा आकडा बँकेने तुमच्या सोयीसाठी छापलाय असं वाटत असेल तर हे वाचा.

समजा बिल ४० हजार, मिनिमम ५ टक्के म्हणजे २,०००. तू २,००० भरले, मेसेज आला धन्यवाद, तुला वाटलं झालं. महिना साडेतीन टक्के दर धरला, जो कार्डांवर अगदी सर्रास असतो, तर ४० हजारांवर ढोबळ १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, झाले १,६५२. म्हणजे तुझ्या २,००० मधून उधारी कमी झाली जेमतेम ३४८ रुपयांनी. आणि खरी ग्यानबाची मेख पुढं आहे, मागचं बिल थकलेलं असताना नवीन काही घेतलं तर त्याला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, आज भरलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज. वर्षाचा दर काढला तर ४२ टक्के होतो. गावातला सावकार महिना तीन टक्क्यांनी देतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो.

पूर्ण बिल भरता येणारच नसेल एखाद्या महिन्यात तर कार्डावर थकवण्यापेक्षा ती रक्कम ईएमआयमध्ये बदलून घेतलेली परवडते, किंवा घरी सरळ सांगून पैसे घेतलेले. मी एकदा तीन महिने मिनिमम भरत बसलो होतो लाजेपायी, शेवटी आईला सांगितलं, तिने भिशीचे पैसे काढून दिले आणि वर दोन वर्षं ऐकवलं. ते ऐकणं कार्डाच्या व्याजापेक्षा स्वस्त पडलं.

नो कॉस्ट ईएमआयवर मोबाइल घ्यायचा होता त्याला. रिझर्व बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. रोख घेणाऱ्याला जो डिस्काउंट मिळतो तो तुला मिळत नाही, किंवा दुकानदार व्याज भरून किंमतीत धरतो, प्रोसेसिंग फी वेगळी. घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, पण रोखीची किंमत विचारून मग घे.

आता मार्च महिना. जानेवारीपासूनच कुठले तरी काका, आत्याचे मिस्टर, वडलांचे मित्र फोन करतात, "अरे टॅक्स वाचवायला काही केलंस का?" आणि रविवारी फॉर्म घेऊन हजर. चहा होतो, पोहे होतात, आई आतून म्हणते घेऊन टाक रे, त्यांचं टार्गेट आहे, आणि पोरगं २० वर्षं दरसाल ३० हजार भरायच्या कागदावर सही करतं.

इथं एक गोष्ट पाठ करून ठेवा. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारातून वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कमावणाऱ्याला इन्कम टॅक्स शून्य. आणि नव्या पद्धतीत ते ८०सी वगैरे, म्हणजे पॉलिसी-पीपीएफवर मिळणारी सूट, मिळतच नाही. म्हणजे ४ लाख ८० हजारवाल्याने टॅक्स वाचवायला पॉलिसी घेणं म्हणजे पाऊस नसताना छत्री भाड्याने घेणं. वाचवायला टॅक्स आहेच कुठं?

आणि पॉलिसी म्हणून तरी कशी आहे बघू. बचत आणि विमा एकत्र असलेल्या अशा पॉलिसीत परतावा साधारण पाच-साडेपाच टक्के सुटतो. साडेपाच धरले तर ३० हजार दरसाल २० वर्षं भरून ११ लाखांच्या आसपास मिळतील. तेच पीपीएफमध्ये (बँकेत-पोस्टात उघडता येणारी सरकारी बचत योजना, पगारातल्या पीएफहून वेगळी) ७.१ टक्क्यांनी, जो दर एप्रिल २०२० पासून तोच आहे, साधारण १३ लाख ३० हजार होतात, सरकारी हमी आणि व्याज करमुक्त. पॉलिसीत विमा पाच-सहा लाखांचा. पंचविशीतल्या निरोगी, बिडी-सिगरेट न पिणाऱ्या माणसाला १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता विमा, वर्षाला ढोबळ दहा हजारांच्या आसपास पडतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. टर्म प्लॅनमध्ये आपण जगलो तर काही परत मिळत नाही, आणि हे ऐकलं की आपल्या लोकांना पैसे पाण्यात गेल्यासारखं वाटतं. बाइकच्या इन्शुरन्सचे पैसे परत मागायला कधी कोण गेलंय?

टर्म तरी लगेच हवाच का? तुझ्या पगारावर कोणाचं घर चालतं का ते बघ. घरी शेती आहे, तुझे बाबा धडधाकट आहेत, अंगावर कर्ज नाही, मग दोन वर्षं थांबलास तरी चालेल. शिक्षणाचं कर्ज आहे आणि बाबा जामीन आहेत, तर मग थांबू नकोस.

सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. काकांचं तोंड महिनाभर वाकडं होईल. मी त्याला शिकवलेलं वाक्य असं, "काका, कंपनीच्या सीएने सगळं आधीच लावून दिलंय." कंपनीत असा कुणी सीए नसतो, पण काका ते विचारत नाहीत.

मेडिक्लेमचं थोडक्यात. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरी असेपर्यंतच, राजीनाम्याच्या शेवटच्या दिवशी तोही संपतो. आपल्या वयाला स्वतःची छोटी पॉलिसी स्वस्त मिळते. पण खरा खड्डा पडतो आईबाबांच्या आजारपणात, म्हणून कंपनीत त्यांना ॲड करता येत असेल तर पैसे भरून करा, आणि गावाकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, फक्त ठरावीक आजार आणि यादीतल्या हॉस्पिटलात, तर ती यादी आत्ताच बघून ठेवा, रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसून नको.

आता ती एसआयपी, ज्यासाठी पोरगं आलं होतं. वर्ष झालं, ७३ हजार जमले, की मग २,००० ने सुरू कर. निफ्टी ५० चा साधा इंडेक्स फंड, म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे, कुणी हुशारी करून शेअर निवडत नाही म्हणून खर्चही कमी. घेताना डायरेक्ट प्लॅन घ्यायचा, रेग्युलर नको. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने हे डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आणले, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं. इंडेक्स फंडात हा फरक कमी असतो, बाकीच्या फंडांत अर्धा-एक टक्का, ऐकायला काहीच नाही वाटत. महिना २,०००, २५ वर्षं, १२ टक्के मिळतील असं नुसतं गृहीत धरू, तर होतात साधारण ३८ लाख, ११ टक्क्यांनी ३१ लाख ८० हजार. एका टक्क्याचे सहा लाख. हे १२ टक्के कुणी लिहून देत नाही हेही ऐकून ठेव. २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,३०० च्या वर होता आणि मार्चमध्ये ७,६०० ला आला, दोन महिन्यांत लाखाचे साठ-बासष्ट हजार दिसत होते, आणि माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तेव्हा घाबरून विकलं त्यांच्याकडे अडचणीचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते, त्यांना विकावंच लागलं. म्हणून आधी ते वर्ष.

रूममेट ऑप्शन ट्रेडिंग करतो, एका दिवसात ८ हजार कमावले म्हणून त्याने बिर्याणी दिली. सेबीने २०२४ मध्ये आकडे काढले, तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) उतरलेल्या १०० साध्या माणसांतली ९३ तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाख. भावाला म्हटलं बिर्याणी खा, ॲप टाकू नको.

हे सगळं ऑगस्टमधलं. मध्ये दिवाळीला भेटला तेव्हा सांगत होता की मावशीला अजून ४० चे ३१ कसे झाले ते पटलेलं नाही. आणि परवा फेब्रुवारीची स्लिप आली तसा मेसेज, यावेळी फोटो सरळ, एका आकड्याला लाल गोल केलेला.

"दादा, पीटी ३०० कापलाय. दर महिन्याला २०० असतो. १०० जास्त घेतलेत, एचआरला मेल टाकू का?"

मी लिहिलं, मेल नको टाकू, राज्यघटनेत या टॅक्सला वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे, अकरा महिने २०० चे होतात २,२००, उरलेले ३०० फेब्रुवारीत घेतात.

थोड्या वेळाने उत्तर आलं, "म्हणजे मार्चला परत २००. बघतो."